पिलांच्या टाकीला संथ पाणी

गप्पी मासा तुमच्या ओळखीचा आहे. हिवतापाच्या खात्याची माणसे गावात येतात. हौदात, डबक्यात, पडीक विहिरीत हे मासे सोडतात. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. डास कमी झाले, की हिवताप कमी होतो.

या गप्पीचे रंगीत भाऊबंदही आहेत. कुणाची शेपटी निळी, कुणाची लाल, कुणाची पंख्यासारखी पसरलेली. लोक हे मासे हौसेने काचेच्या टाकीत ठेवतात. त्यांना शोभेचे मासे म्हणतात. 1951 साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. काचेआडचे मासे पाहायला तिथे लांबून लांबून माणसे येत. आता शहरात घरोघरी, दुकानात, दवाखान्यात अशा टाक्या दिसतात. त्यांतले मासे कुणीतरी वाढवलेले असतात. खेड्यातल्या माणसालाही हे काम परसात करता येते. बचत गटाच्या बायाही ते करतात. 2020 साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली. तिच्यात परसातल्या शोभेच्या माशांसाठीही मदत धरली होती. सध्या कोणती मदत मिळते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे.

या धंद्यात कमाई पिलांवर असते. पिले जगली, तर धंदा जगला. पिले मेली, तर खाणे, वीज आणि मेहनत पाण्यात गेली. म्हणून आजचा धडा पिलांच्या टाकीचा आहे. टाकीतले पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या यंत्राला फिल्टर म्हणतात. फिल्टर म्हणजे पाण्याची गाळणी. पिलांच्या टाकीला कोणता फिल्टर लावावा? ते आपण नीट समजून घेऊ.

पिलू केवढे असते?

गप्पीची मादी अंडी घालत नाही. ती जिवंत पिले देते. पिलू जन्मते तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे असते. ते लगेच पोहू लागते. मॉली आणि प्लॅटी हे मासेही जिवंत पिले देतात.

फायटर, गुरामी, एंजल, गोल्डफिश हे मासे अंडी घालतात. त्यांची पिले फार नाजूक असतात. फायटरचे पिलू तर पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढे दिसते. पहिले एक-दोन दिवस त्याला नीट पोहताही येत नाही.

अशा जिवाला जोराचे पाणी सोसत नाही. ओढ्याला पूर आला, की धट्टाकट्टा माणूसही काठ धरतो. मग तान्ह्या पोराचे काय?

पाणी का बिघडते?

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच मळ टाकतो. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचे विष पाण्यात उतरते. उरलेले खाणे कुजले, की त्यातूनही अमोनिया निघतो. गोठा दोन दिवस झाडला नाही, तर नाकात झोंबणारा वास येतो. तो अमोनियाचाच वास. टाकीत हे विष थोडे असते, तेव्हा त्याचा वास येत नाही. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते. पण आत पिलांचे कल्ले जळत असतात.

म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या. नितळ पाणी म्हणजे चांगले पाणी, असे नेहमीच नसते.

मग मोठ्या माशांच्या जुन्या टाकीत मासे कसे जगतात? तिथे उपकारी जंतू असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सगळेच जंतू वाईट नसतात. दुधाचे दही जंतूच करतात ना? तसेच हे. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटचा त्रास फार कमी असतो. नायट्रेट हे तर झाडांचे खत. म्हणून टाकीतून काढलेले पाणी भाजीच्या वाफ्याला चांगले.

या जंतूंना दोन गोष्टी लागतात. बसायला जागा आणि श्वासाला हवा. फिल्टर त्यांना दोन्ही देतो.

म्हणजे फिल्टरची कामे तीन झाली. तो मळ अडवतो. जंतूंना घर देतो. पाणी हलते ठेवून त्यात हवा मिसळू देतो.

पिले कुठे गेली?

दोन जावांची गोष्ट ऐका. थोरली चार वर्षे मासे वाढवीत होती. धाकटीने नुकतीच सुरुवात केली होती. तिने बचत गटाचे कर्ज काढले होते. पहिलीच पिले झाली, तेव्हा तिने ती मोजली. साठ भरली. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस उरली. पाचव्या दिवशी बावीस. धाकटी घाबरून थोरलीकडे गेली.

“आक्का, माझी पिलं नाहीशी होतायत बघा. साठाची बावीस राहिली. हप्ता कसा भरू?”

“मेलेली दिसतात का तळाला?”

“दोनच दिसली. बाकीची गेली कुठं? बेडूक शिरतो म्हणावं, तर वर जाळी आहे. शेजारीण बघून गेली त्या दिवसापासून हे सुरू झालं. दृष्ट तर नाही लागली?”

“दृष्ट-बिष्ट काही नाही ग. पिलांची आई कुठं आहे?”

“तिला त्याच दिवशी वेगळी केली. गप्पी आपलीच पिलं खाते, हे तुम्हीच सांगितलं होतं.”

“ते चांगलं केलंस. आणि फिल्टर कोणता लावलास?”

“मोठ्या टाकीचा मशीन फिल्टर होता, तोच लावला. पाणी कसं जोरात फिरतं! म्हटलं, पिलांना स्वच्छ पाणी मिळेल.”

थोरली उठली. तिने आधी बटण बंद केले. पिन काढली. मग फिल्टर बाहेर काढून पांढऱ्या थाळीत उघडला. पाणी ओढायच्या फटींना पिले चिकटली होती. काही आत जाऊन विरघळत चालली होती.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले.

“आक्का, मीच मारली की हो ही!”

“तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं? आता जी बावीस आहेत ती वाचवू. माझ्या टाकीत मुरलेला स्पंज आहे. चल, तो घेऊन येऊ.”

त्या बावीसांपैकी एकोणीस पिले मोठी झाली. पुढच्या वेळी धाकटीने पिले व्हायच्या आधीच टाकी तयार ठेवली.

स्पंज फिल्टर कसा चालतो?

पिलांसाठी स्पंजाचा फिल्टर सर्वांत चांगला. त्याची रचना अगदी सोपी आहे. खाली स्पंजाचा गोळा असतो. त्यातून एक उभी नळी वर येते. बाहेर हवेचा पंप असतो. पंपाची हवा बारीक नळीने स्पंजाच्या आतल्या पोकळीत जाते. तिथून हवेचे बुडबुडे उभ्या नळीतून वर चढतात. वर चढताना ते आपल्याबरोबर पाणी नेतात. गेलेल्या पाण्याची जागा भरायला बाजूचे पाणी स्पंजातून आत येते. मळ स्पंजावर अडकतो. पाणी पुढे जाते.

मग इथे पिलू का ओढले जात नाही? शेताचा पाट आठवा. पाट अरुंद असतो, तिथे पाणी जोरात धावते. तेच पाणी रुंद वाफ्यात पसरले, की मुंगीच्या पावलाने चालते. मशीन फिल्टर चार बारीक फटींतून पाणी ओढतो. म्हणून तिथे ओढ फार. स्पंज मात्र सगळ्या अंगाने पाणी घेतो. म्हणून कोणत्याही एका जागी ओढ अगदी थोडी. शिवाय स्पंजाची छिद्रे बारीक असतात. पिलू आत जाऊ शकत नाही.

आणखी एक फायदा आहे. स्पंजावर बारीक बारीक जीव वाढतात. पिले दिवसभर स्पंजाला तोंड लावून ते टिपतात.

दुसरे फिल्टर का नकोत?

मशीन फिल्टर लावू नये. दुसरा नसेलच, तर त्याच्या पाणी ओढायच्या तोंडावर जाड स्पंज घट्ट बसवावा. बाहेर पडणारी धार टाकीच्या भिंतीकडे वळवावी. म्हणजे जोर मोडतो.

खडीखालचा फिल्टर नको. त्यात खाणे खडीत शिरून कुजते. पिलांची टाकी रोज साफ करायची असते. तळ मोकळा असेल, तरच ते जमते.

कोपऱ्यात ठेवायची कापसाची डबी मिळते. तीही हवेवर चालते. पण तिच्या झाकणाच्या फटी पाहाव्या. पिलू आत जाईल एवढी फट असेल, तर ती डबी नको.

स्पंज विकत घेताना फिल्टरसाठी केलेलाच घ्यावा. भांडी घासायचा स्पंज घेऊ नये. गादीचा तुकडाही नको. त्यात कसले औषध भरले असेल, ते सांगता येत नाही.

विरजण आधी लावा

नवा कोरा स्पंज पहिल्या दिवशी फक्त मळ अडवतो. तो विष मारत नाही. कारण त्यात अजून जंतू नाहीत. जंतूंची वस्ती व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पिले तेवढे दिवस थांबणार नाहीत.

यावर उपाय सोपा आहे. दही लावताना आपण दुधात विरजण घालतो. तसेच इथे करायचे. नवा स्पंज महिनाभर आधी मोठ्या माशांच्या टाकीत चालू ठेवायचा. तो तिथे मुरतो. पिले झाली, की तो उचलून पिलांच्या टाकीत आणायचा. आणताना ओला ठेवायचा. त्याच टाकीच्या पाण्याच्या भांड्यातून न्यायचा. सुकला, की जंतू मेले.

मात्र ज्या टाकीत रोग आहे, तिथला स्पंज कधीही आणू नये. विरजणाबरोबर रोगही येईल.

हवा किती सोडावी?

पिले लहान, तोवर हवा थोडी. पिले वाढतील, तशी हवा वाढवावी. नळीवर हवेची बारीक चावी बसवता येते. पण पंपाचा श्वास अगदी कोंडू नये. त्याने पंप लवकर बिघडतो. जादा हवा दुसऱ्या नळीने बाहेर सोडून द्यावी.

हवा बरोबर आहे की नाही, हे पिलांनाच विचारा. ती बोलत नाहीत, पण दाखवतात. पिले सगळ्या टाकीत सावकाश फिरत असली, तर ठीक. पिले एका कोपऱ्यात गोळा झाली असली, तर जोर जास्त आहे. पिले सारखी एकाच जागी शेपटी मारीत असली, तरी जोर जास्त आहे. त्यांचे खाल्लेले सगळे पोहण्यातच खर्च होते. मग ती वाढत नाहीत. पिले पाण्याच्या वरच्या थराला येऊन धापा टाकीत असली, तर पाण्यात हवा कमी आहे किंवा पाणी बिघडले आहे.

सगळ्या जातींना एकच माप लावू नये.

गप्पी, मॉली, प्लॅटी: यांची पिले पहिल्या दिवसापासून पोहतात. मंद चालणारा स्पंज लगेच लावावा.

फायटर: याचा नर फेसाचे घरटे करतो. अंडी त्या फेसात असतात. बुडबुड्यांनी घरटे मोडते. म्हणून पिले पोहू लागेपर्यंत फिल्टर बंद ठेवावा. नंतर अगदी थोडे बुडबुडे सोडावे. टाकीवर झाकण ठेवावे. हे मासे पुढे वरची हवाही घेऊ लागतात. ती हवा गार नसावी.

गोल्डफिश: हे मासे खूप खातात आणि खूप मळ करतात. यांच्या टाकीत एकाऐवजी दोन स्पंज ठेवावे. हवा मंदच ठेवावी.

स्पंज कसा धुवावा?

स्पंज मळाने भरला, की पाणी आत जात नाही. बुडबुडे येतात, पण काम होत नाही. म्हणून आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी तो पिळावा. पण नळाखाली धरू नये. साबण तर मुळीच लावू नये.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तिच्यातही तोच. तो वाईट जंतू मारतो, म्हणून ते पाणी आपल्याला पिण्यास चांगले. पण उपकारी जंतूही तो मारतो. माशांच्या कल्ल्यांनाही तो जाळतो.

म्हणून टाकीतलेच थोडे पाणी बादलीत घ्यावे. त्यात स्पंज दोन-तीन वेळा हलका पिळावा. पांढरा शुभ्र करण्याच्या नादी लागू नये. त्याआधी स्पंजावर पिले बसली नाहीत ना, ते पाहावे. दोन स्पंज असतील, तर एक या आठवड्यात, दुसरा पुढच्या आठवड्यात धुवावा.

फिल्टर एकटा पुरत नाही

चांगला फिल्टर असला, म्हणून आपण हात बांधून बसायचे नाही. रोज थोडे पाणी बदलावे. साधारण दहावा हिस्सा पुरे. खाणे थोडे थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फार थोडा द्यावा. तो पाणी लवकर बिघडवतो. उरलेले खाणे बारीक नळीने ओढून काढावे. ते पाणी पांढऱ्या बादलीत पडू द्यावे. चुकून पिलू आले, तर पांढऱ्यावर दिसते आणि परत सोडता येते.

नवे पाणी उघड्या भांड्यात हवा सोडून एक दिवस ठेवावे. म्हणजे क्लोरीन उडून जातो. टाकीत ओतताना ते टाकीइतकेच कोमट असावे. ओतावे बारीक धारेने.

एक हिशेब करू. टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आहे. पाणी पाऊण फूट उंच आहे. 2 गुणिले 1 गुणिले पाऊण म्हणजे दीड घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते. दीड घनफुटात 42 लिटर. त्याचा दहावा हिस्सा सुमारे 4 लिटर. म्हणजे रोज 4 लिटर पाणी बदलावे.

वीज गेली तर?

वीज गेली, की पंप थांबतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल, तर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. म्हणून पंप टाकीपेक्षा उंच फळीवर ठेवावा. किंवा नळीत उलटे पाणी अडवणारी झडप बसवावी. विजेच्या तारेला भिंतीजवळ खाली झोळ द्यावा. म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी बटणात जात नाही. ओल्या हाताने पिनेला हात लावू नये.

वीज गेली असता पिलांना खाणे देऊ नये. वाटीने पाणी घेऊन सावकाश परत सोडावे. त्याने हवा मिसळते. वीज पुष्कळ तास गेली, तर स्पंजातले जंतू गुदमरतात. वीज आली, की स्पंज टाकीच्या पाण्यात एकदा पिळून मगच पंप सुरू करावा. घाण वास येत असेल, तर तो स्पंज वापरू नये. सेलवर चालणारा लहान पंपही मिळतो. तो घरात असावा.

शेवटी एक सांगणे. पिले जास्त झाली, तर ती ओढ्यात, नदीत सोडू नयेत. परमुलखातला मासा आपल्या नदीतल्या माशांचे अन्न खातो. त्यांना रोगही देतो. जास्तीची पिले दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत.

ध्यानात ठेवा

1. पिलांच्या टाकीला स्पंज फिल्टर लावा.
2. स्पंज महिनाभर आधी जुन्या टाकीत मुरवा.
3. हवा मंद सोडा. पिलांकडे पाहून कमी-जास्त करा.
4. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा.
5. रोज थोडे पाणी बदला. खाणे बेताने द्या.
6. पंप उंच जागी ठेवा.

प्रश्न

1. धाकट्या जावेची पिले कुठे नाहीशी झाली?
2. रुंद वाफ्यातले पाणी संथ का चालते? स्पंजाशी त्याचा काय संबंध?
3. विरजणाची उपमा कशाला दिली आहे?
4. स्पंज नळाखाली का धुवू नये?
5. टाकी 3 फूट लांब, 1 फूट रुंद आहे. पाणी 1 फूट उंच आहे. रोज किती लिटर पाणी बदलाल? हिशेब पाटीवर करा.